सोवेटोला जाताना उतार लागतो

आमच्या ऑफिसात साफसफाई बघणाऱ्या बाईंना सगळे 'मा' म्हणतात. साठीच्या आसपासच्या आहेत, सोवेटोतल्या ऑरलँडो ईस्टमध्ये राहतात. सोवेटो म्हणजे जोहान्सबर्गच्या कडेची, गोऱ्यांच्या राजवटीत काळ्या लोकांसाठी आखलेली वस्ती. शुक्रवारी चहा करताना मी त्यांना सांगितलं, की रविवारी मी सायकलने सोवेटोत येतेय. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"का गं? गाडी बिघडली?"

गाडी ठणठणीत होती. म्हटलं, हौस म्हणून. त्यांनी माझ्याकडे दोन क्षण पाहिलं आणि पुन्हा फडकं उचललं. "हौस असेल तर ये बाई. पण सकाळी ये. दुपारी टॅक्सीवाले अर्धवट झोपेत चालवतात."

जोहान्सबर्गमध्ये येऊन मला दीड वर्ष झालंय. श्रीमंतांच्या सँडटनला ऑफिस, रोझबँकला फ्लॅट, आणि फ्लॅटच्या भिंतीवर विजेच्या तारा. मधलं अंतर काचा वर करून गाडीतून. आल्या आल्या प्रत्येकाने काय करायचं नाही याची यादी दिली होती आणि मी ती शहाण्या मुलीसारखी पाळली. दीड वर्षात मी या शहरात एकदाही पायी रस्ता हरवले नाही. इतकं कमी चालले! सिग्नलला इथे 'रोबोट' म्हणतात, पिकअप ट्रकला 'बाकी' म्हणतात आणि 'जस्ट नाऊ' म्हणजे आत्ता सोडून कधीही, एवढी भाषा शिकले. बाकी (ट्रक नव्हे) शहर काचेपलीकडेच राहिलं.

आमच्या टीममधला एक मुलगा पिंपव्हिलचा, म्हणजे सोवेटोतलाच. दर रविवारी गल्लीतल्या मित्रांबरोबर सायकल चालवतो. तो मला सिसी म्हणतो, म्हणजे ताई. मी त्याला भुती म्हणते. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे आणि भुती म्हणजे खरं तर दादा, पण इथे ते खपून जातं. त्याच्यामुळेच हे जमलं. एकटीने गेले असते का? नाही. उगाच शौर्य मिरवत नाही.

मे महिन्यातला रविवार, सकाळी साडेसहा. इथे तेव्हा हिवाळ्याची सुरुवात, हवा कोरडी आणि थंडी अशी की ब्रेकवरची बोटं आपली वाटत नाहीत. भुतीच्या बाकीतून सायकली ब्रामफोंटेनच्या टेकडीवर आणल्या आणि बाकी तिथेच राखणदाराच्या भरवशावर सोडली. कॉन्स्टिट्यूशन हिल. पूर्वी इथे तुरुंग होता, आता संविधान न्यायालय आहे. त्यातल्या 'नंबर फोर' नावाच्या काळ्या कैद्यांच्या भागात १९०८ साली गांधीजीही होते. ते सगळं मी आधी पाहिलं होतं, त्यामुळे आत गेलो नाही. भुतीला मला दुसरंच काहीतरी दाखवायचं होतं.

"सिसी, इथे उभी राहा. आता उत्तरेकडे थुंकलीस तर ते हिंदी महासागरात जाईल. दक्षिणेकडे थुंकलीस तर अटलांटिकमध्ये."

थुंकले नाही, पण गोष्ट खरी आहे. विटवॉटर्सरँड नावाच्या डोंगररांगेची ही धार म्हणजे पाणलोटाची सीमा. उत्तरेचा पाऊस युक्स्के, क्रोकोडाइल, लिंपोपो करत हिंदी महासागराला मिळतो. दक्षिणेचा क्लिप, व्हाल, ऑरेंज अशा नद्यांतून थेट खंडाच्या पलीकडच्या टोकाला जातो. "अलेक्झांड्रासारखी गरीब वस्ती सोड," भुती म्हणाला, "पण श्रीमंत वस्त्या बघ, सगळ्या तुझ्या महासागराच्या बाजूला. आम्ही अटलांटिकवाले." आणि हेल्मेटचा पट्टा आवळून तो उतारावर सुटला. हेल्मेट इथे कायद्याने सक्तीचं आहे. मोटरवेवर सायकलला बंदी आहे, त्यामुळे सोवेटोला जायचं तर जुन्या रस्त्यांनीच.

ब्रामफोंटेनमधून उतरताना सायकलींसाठी आखलेली लेन लागते. तिच्यात गाड्या पार्क केलेल्या असतात. पुढे पूल ओलांडला की न्यूटाऊन. इथे भुती थांबला आणि पाण्याची बाटली उघडत म्हणाला, "माझं गाव इथे सुरू झालं."

मला वाटलं थट्टा करतोय. पिंपव्हिल तिथून वीसेक किलोमीटर. पण हे मला खरंच माहीत नव्हतं: या भागात, रेल्वेच्या बाजूला, तेव्हाचं 'कूली लोकेशन' होतं. भारतीयांची आणि काळ्या कामगारांची दाटीवाटीची वस्ती. १९०४ साली तिथे प्लेग आला. रिकाम्या पडलेल्या एका गोदामात गांधीजींनी आणि त्यांच्या सोबत्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली. एवढा भाग आपण आत्मचरित्रात वाचलेला असतो. मग पालिकेने लोकांना शहराबाहेर क्लिपस्प्रुट नावाच्या जागी तंबूंत नेलं, शहराचं सांडपाणी जिथे सोडत त्या शेताजवळ, आणि मागे अख्खी वस्ती जाळून टाकली. भारतीय पुढे हळूहळू तिथून निघाले, काळ्या लोकांना तिथेच ठेवलं. त्या क्लिपस्प्रुटचं पुढे १९३४ साली पिंपव्हिल झालं. सोवेटोची पहिली वस्ती ती. म्हणजे भुतीचे शेजारी आणि माझे देशबांधव एकाच जाळलेल्या वस्तीतून एकाच दिशेने गेले होते, आणि मी गांधीजींचा धडा तोंडपाठ असूनही ती वाट कुठे जात होती हे कधी विचारलंच नाही.

फोर्ड्सबर्ग त्या वेळी झोपलेलं होतं. हमीदिया मशिदीसमोरची कढई पाहिली. १६ ऑगस्ट १९०८ ला गांधीजींच्या सत्याग्रहात भारतीयांनी तिथे आपले दोन हजारांहून अधिक नोंदणी दाखले जाळले, त्याचं स्मारक आहे. मग मेन रीफ रोड.

खरी सायकल इथे सुरू झाली. रीफ म्हणजे सोन्याचा थर. हा रस्ता त्या थराच्या वरूनच जातो. १८८६ साली लांगलाख्तच्या शेतात सोनं सापडलं आणि शहर त्यावर उगवलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाणींचे ढीग. गाडीतून जाताना मला ते डोंगर वाटायचे. सायकलवरून कळतं, की ते अगदी बारीक दळलेलं पीठ आहे. पिवळं, बेसनासारखं, उभं कापल्यासारखं. सोनं काढून उरलेला खडक दळून दळून इथे रचलाय. त्यात अजून थोडं सोनं शिल्लक आहे म्हणून काही ढीग पुन्हा उपसून धुतात, त्यामुळे अर्धे कापलेल्या केकसारखे दिसतात. वारा सुटला की ते पीठ उडतं. माझ्या ओठांवर बसलं, दातांत करकरलं. जीभ फिरवली तर चव खारट, धातूची. ढिगांच्या मधे निलगिरीची रांग, खाणीत टेकू द्यायला लाकूड हवं म्हणून लावलेली.

आणि माणूस नाही. चार-पाच किलोमीटर, एक घर नाही, एक टपरी नाही. आम्ही दोघं आणि चेनची खडखड.

गाडीत हा पट्टा सात मिनिटांत संपतो, एक गाणं होतं न होतं तोच. सायकलवर मला अर्धा तास लागला आणि त्या अर्ध्या तासात डोक्यात काहीतरी जुळलं. हा रिकामा पट्टा आपोआप रिकामा राहिलेला नाही. गोऱ्यांचं शहर आणि काळ्यांची वस्ती यांच्या मधे काहीतरी हवंच होतं: खाण, रेल्वे, ओढा, नुसतं माळरान. वस्तीत शिरायला मोजकेच रस्ते, म्हणजे गरज पडली की बंद करता येतील. हे मी आधी वाचलेलं होतं. पण वाचणं निराळं आणि मांड्यांतून कळणं निराळं.

सॉकर सिटी स्टेडियमचं मोठं मडकं डावीकडे टाकून आम्ही ऑरलँडोत शिरलो आणि एकदम माणसंच माणसं. थंडीमुळे कोपऱ्याकोपऱ्यावर म्बाऊला पेटलेल्या. म्बाऊला म्हणजे भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, त्यात कोळसा. तो वास सगळ्या गल्लीभर. चर्चला निघालेल्या बायका: लाल ब्लाउज, पांढरी कॉलर, पांढरी टोपी, काळा स्कर्ट, मेथॉडिस्टांच्या महिला मंडळाचा गणवेश. एकीने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि ओरडली, "सानिबोनानी!", म्हणजे झुलूत नमस्कार. मी "येबो", म्हणजे हो, म्हटलं. तिच्या मैत्रिणी खळाळून हसल्या. मी काहीतरी चुकीचं बोलले की माझ्या सायकलच्या चड्डीला हसल्या, ते भुतीने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ऑरलँडोचे दोन मनोरे लांबूनच दिसतात. शंभर मीटर उंचीचे, कोळशावरच्या वीज केंद्राचे. केंद्र १९९८ ला बंद झालं. आता एकावर सोवेटोच्या जगण्याची रंगीत चित्रं आहेत, दुसऱ्यावर जाहिरात, आणि मधल्या पुलावरून लोक बंजी उड्या मारतात. वीज इथे बनायची आणि तारांवरून जोहान्सबर्गला जायची. खालच्या घरांत मात्र अनेक वर्षं मेणबत्त्या आणि कोळसा. मी उत्साहाने बोट वर करून भुतीला म्हटलं, "त्या चित्रातला तो..."

कर्रकन ब्रेक लागला. पांढरी मिनीबस टॅक्सी माझ्या कोपरापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. दार सरकलं, आत चौदा चेहरे. ड्रायव्हर म्हणाला, "टाऊन?"

इथे टॅक्सीला पाटी नसते, प्रवाशाने हाताने खूण करायची असते. तर्जनी वर म्हणजे 'शहरात जायचंय'. सायकलवर बसलेली एक भारतीय बाई भर रस्त्यात शहरात जायची टॅक्सी थांबवतेय, यात त्या ड्रायव्हरला काही वावगं वाटलं नाही. सायकल टपावर टाकू का, असंही त्याने विचारलं. भुती हँडलवर डोकं ठेवून हसत होता. त्यानंतर दिवसभर मी हात हँडलवरून काढला नाही.

विलाकाझी स्ट्रीटबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तिथे बसभर पर्यटक असतात आणि त्यांनी लिहिलेलं भरपूर आहे. मंडेला आणि टुटू, शांततेचं नोबेल मिळालेले दोघे, एकाच रस्त्यावर राहायचे. रस्त्याला ज्या बी. डब्ल्यू. विलाकाझींचं नाव आहे ते झुलू कवी आणि भाषेचे अभ्यासक होते, हे मात्र कुणी विचारत नाही. मंडेलांचं घर, क्रमांक ८११५, इवलंसं आहे, आणि समोरच्या हॉटेलात कॉफी सँडटनच्या भावात.

तिथून थोड्याच अंतरावर हेक्टर पीटरसन स्मारक. इथे आवाज आपोआप बसला. १६ जून १९७६. गणित आणि सामाजिक शास्त्रं आफ्रिकान्समधून, म्हणजे गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या भाषेतून शिकायची, असा १९७४ चा हुकूम होता. शिक्षकांनाच ती भाषा धड येत नव्हती. पोरं गणवेशात मोर्चाने निघाली, पोलिसांनी गोळ्या घातल्या. सॅम न्झिमा यांनी काढलेला तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो: गोळी लागलेल्या हेक्टरला हातांवर घेऊन धावणारा तरुण, शेजारी हेक्टरची किंचाळणारी बहीण. त्या तरुणाचं नाव म्बुयिसा माखुबो. फोटो जगभर गेला, पोलीस त्याच्या मागे लागले, तो देश सोडून पळाला आणि परत आलाच नाही. भुती फोटोसमोर उभा राहून एवढंच म्हणाला, "माझा मामा त्या मोर्चात होता. गणित अजून येत नाही त्याला." तो हसला म्हणून मीही हसले, आणि मग आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

पुढे दक्षिणेला क्लिपटाऊन. २६ जून १९५५ ला इथल्या मोकळ्या मैदानावर देशभरातले सुमारे तीन हजार प्रतिनिधी जमले आणि 'फ्रीडम चार्टर', म्हणजे वर्णद्वेषाविरुद्धची स्वातंत्र्याची सनद, मंजूर झाला. आता तिथे वॉल्टर सिसुलू चौक आहे: काँक्रीटचा भव्य पसारा, एक शंकूसारखा विटांचा मनोरा, आत दगडावर कोरलेली सनद. करोनाच्या काळात चौकाची लूट झाली. तारा, दारं, नळ, जे निघालं ते नेलं. रेल्वे रुळांच्या पलीकडे पत्र्याची घरं, सार्वजनिक नळ, सामायिक संडास. सनदेत 'घरं, सुरक्षितता आणि सुख असेल' असं एक कलम आहे. दोघांच्या मधे फक्त रूळ.

मी तिथे फोटो काढायला मोबाइल बाहेर काढला आणि परत ठेवला. कुणी धमकावलं नाही. नळावर बादली भरणाऱ्या बाईने वर पाहिलं, एवढंच. सायकलवरून आलं म्हणून आपण पर्यटक नाही, असं थोडंच आहे? काच नव्हती, तेवढाच काय तो फरक.

पिंपव्हिलकडे निघताना भुतीने रुळांच्या कडेची पायवाट धरली आणि माझं मागचं चाक फुस्स झालं. उतरून पाहते तर टायरमध्ये सहा काटे. मी एक उपटला आणि ओळखला. सराटा! लहानपणी अनवाणी पायात शिरून रडवणारा तोच, दोन शिंगांचा, कसाही पडला तरी एक टोक वर. इथे त्याला 'डुवल्की' म्हणतात. हजारो किलोमीटरवर जुना वैरी भेटल्यासारखं झालं. भुतीला वाटलं मी पंक्चरमुळे भावुक झाले.

सायकल ढकलत आम्ही पहिल्या गल्लीत शिरलो आणि एका फाटकाशी उभ्या असलेल्या आजींनी, म्हणजे गोगोंनी, काही न विचारता अंगणातल्या नळाखाली तामचिनीचं घमेलं ठेवलं. ट्यूब पाण्यात फिरवली. बुडबुडे एकीकडून, दुसरीकडून, तिसरीकडून. माझ्याकडे ठिगळं चार. भुती शेजारच्या स्पाझात, म्हणजे गल्लीतल्या किराणा दुकानात, आणखी शोधायला गेला आणि मी गोगोंसमोर पायरीवर बसले.

"लेनेशियाची का तू?" लेनेशिया म्हणजे सोवेटोच्या पलीकडची, वर्णद्वेषी कायद्याने भारतीयांसाठी आखून दिलेली वस्ती.

"नाही गोगो, भारतातली."

"हो, पण लेनेशियात कुठे?"

तीन वेळा प्रयत्न केला आणि सोडून दिलं. मग त्याच सांगत बसल्या. घर चार खोल्यांचं, काडेपेटीसारखं, संडास अंगणाच्या टोकाला. मागे पत्र्याच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या. एकतीस वर्षं पार्कटाऊनला एका घरी काम केलं. बंगल्यामागच्या खोलीत राहायच्या, गुरुवारी सुट्टी, आणि पोरं इथे आईकडे. पार्कटाऊन माझ्या रोझबँकच्या शेजारीच. तिकडून, ब्रामफोंटेनहून, सायकलने आले म्हटल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. "तिकडून येताना सोपं असतं. उतार आहे. जाताना बघ."

भुती ठिगळं आणि दोन कोटा घेऊन आला. कोटा म्हणजे पावाचा चौथाई तुकडा पोखरून त्यात बटाट्याचे तळलेले काप, पोलोनीचे, म्हणजे मांसाच्या सॉसेजचे काप, चीज आणि वरून अचार. अचारच म्हणतात. तिखट तेलातलं, कच्च्या कैरीचं, मोहरी-मेथीच्या वासाचं. पस्तीस रँडला एक. पोलोनी मी भुतीला दिली, बाकीचं हाताने चेपून खाल्लं. बोटं चाटली. गोगो समाधानाने म्हणाल्या, "लेनेशियाचीच आहे ही."

परतीबद्दल काय लिहू? गोगो खरं बोलल्या होत्या. बारागवानाथचं अवाढव्य रुग्णालय आणि समोरचा टॅक्सी तळ ओलांडला की रस्ता वर चढायला लागतो, तो थेट ब्रामफोंटेनच्या धारेपर्यंत. शहर साडेसतराशे मीटरवर आहे आणि ते सगळे मीटर मला त्या दुपारी छातीत जाणवले. पिवळ्या ढिगांच्या मधे समोरून वारा. दोनदा उतरून सायकल ढकलली. टॅक्सीमागून टॅक्सी हॉर्न देत जात होती, येतेस का म्हणून. तर्जनी वर करायचा मोह झाला नाही असं म्हणणार नाही.

सोमवारी मा चहाच्या टेबलापाशी वाटच बघत होत्या.

"परत यायला किती लागला वेळ?"

"दोन तास दहा मिनिटं. चढ होता ना."

"मला पावणेदोन लागतात," मा म्हणाल्या. "दोन टॅक्सी." कप पुसत थोडा वेळ थांबल्या. "जेवलीस कुठे?"

पिंपव्हिलचा कोटा, म्हटलं.

त्यांनी असं तोंड केलं जसं मी सराटा चावून खाल्ला. "पुढच्या वेळी ऑरलँडो ईस्टला थांब. पिंपव्हिलवाल्यांना अचार घालता येत नाही."